खडूच्या आकड्यापर्यंतची वीज

मरोळला आम्ही ज्या घरात भाड्याने राहत होतो, तिथे वीज आधी विकत घ्यायची आणि मग जाळायची असा नियम होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा सगळी मुंबई आधी वीज जाळायची आणि बिल आलं की कपाळाला हात लावायची. आमच्या घरमालकिणीने मात्र स्वतःचा कायदा केला होता. आधीचा भाडेकरू कित्येक महिन्यांची वीज जाळून एका सकाळी गाशा गुंडाळून गेला होता. दुधाने तोंड पोळलेली बाई, ती ताक फुंकून पिणारच.

म्हातारी मालवणकडची, विधवा, एकटी. नवरा गिरणीत होता. निवृत्त होताना आलेल्या पैशांत त्याने शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेतले आणि वर्षाच्या आत डोळे मिटले. फ्लॅट हे आपलं म्हणायला. तळमजल्यावर एक खोली, कोपऱ्यात ओटा, आणि मोरी-संडास आत, एवढीच त्यातली श्रीमंती. एकात ती राहायची, दुसऱ्यात आम्ही. मध्ये एकच पातळ भिंत. तिच्या पूजेची घंटा आमच्याच घरात वाजल्यासारखी वाजायची.

विजेचं कनेक्शन एकच, तिच्या नावावर. आमच्यासाठी तिने आमच्या दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीच्या वर, एक सबमीटर बसवून घेतला होता. काळा डबा, त्याला काच, काचेमागे आकडे आणि गोल फिरणारी चकती. आम्ही पैसे दिले की ती चष्मा लावून आत यायची, आकडा मोठ्याने वाचायची, बोटांच्या पेरांवर हिशेब करायची आणि मीटरखाली भिंतीवर खडूने नवा आकडा लिहायची. मीटरचा आकडा त्या खडूच्या आकड्याला आला की आमची वीज संपली. मग एक तर पुन्हा पैसे द्यायचे, नाही तर ती बाहेरच्या पॅसेजमधल्या बोर्डावरून आमचा चिनी मातीचा फ्यूज ओढून काढायची आणि आपल्या घरात नेऊन ठेवायची. एकदा तिने तसं केलंही होतं. नवऱ्याचा पगार लांबला होता, आणि एक अख्खी संध्याकाळ आम्ही मेणबत्तीच्या उजेडात बसलो. मला त्याचं विशेष वाटलं नाही. नवऱ्याने मात्र ते मनात ठेवलं.

त्याच्या मनात आणखीही एक होतं. म्हातारी आमच्या हातून पैसे कधी हातात घेत नसे. ती उंबऱ्याकडे बोट दाखवायची. आम्ही नोट उंबऱ्यावर ठेवायची, मागे सरायचं, मग ती उचलायची. आम्ही बौद्ध. आमच्या भिंतीवरचा कोटातला फोटो पाहिला की हे कुणालाही कळायचं, आणि ती तर त्या फोटोसमोर उभी राहूनच मीटर वाचायची. नवरा म्हणायचा, बाईला आपलं भाडं चालतं, हात चालत नाही. मी म्हणायचे, असते काही घरांत तशी रीत, हातातून हातात पैसा दिला की भांडण होतं म्हणतात. खरं काय ते मला शोधायचंच नव्हतं. घर बरं होतं, नळाला पाणी होतं, त्याचं वर्कशॉप चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

खरं सांगायचं तर त्या काळात मला कशाचंच काही वाटत नव्हतं. आदल्या वर्षी आमचा मुलगा गेला होता. अंगावर पिता होता. ताप आला, रडायचा थांबला, निपचित पडून राहिला आणि गेला. रडणारं मूल बरं आणि गप्प पडलेलं वाईट, हे मी तेव्हा शिकले, पण उशिरा. मी रडले नाही म्हणून नातेवाइकांनी मला नावं ठेवली. दगड आहे ही, असं एक नणंद माझ्या तोंडावर म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. मी भाजी निवडायचे, भाकरी थापायचे, कुणी हसलं की हसायचे, आणि आत काही नसायचं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा शेजारच्या बायका म्हणाल्या, आता होईल बघ सगळं नीट. मी हो म्हणाले. लोकांना हो म्हटलं की ते लवकर जातात.

मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. हॉस्पिटलात तिला दोनच दिवस काचेच्या पेटीत ठेवलं आणि मग ती पेटी दुसऱ्या कुणाला हवी झाली. नर्सने सांगितलं, घरी न्या, लाकडी खोकं घ्या, कापूस घाला, वर बल्ब टांगा आणि दिवस-रात्र चालू ठेवा. गार पडू द्यायची नाही. गार पडली तर परत आणूनही उपयोग व्हायचा नाही. एवढं तिने स्पष्ट सांगितलं, आणि मी मान डोलावली.

नवऱ्याने नाक्यावरच्या फळवाल्याकडून सफरचंदाचं खोकं आणलं. वायर ओढून बल्ब टांगला, खाली तळहात धरून किती ऊब लागते ते पाहिलं, वर घेतला, पुन्हा खाली घेतला. लेथवर काम करणारा माणूस, त्याला सुताएवढा फरक चालायचा नाही. माझी आई नव्हती आणि सासू गावाकडे डोळ्यांनी अधू, तेव्हा बाळंतिणीचं करायलाही तोच. सकाळी कामावर जायच्या आधी तो कपडे धुवायचा, भात लावायचा, खोक्यात डोकावून मुलीशी काहीबाही बोलायचा. त्याच्यात ही आशा कुठून येते याचं मला नवल वाटायचं. मी नुसती बघत बसायचे.

बघत बसायचे ते मुलीकडे नाही, मीटरकडे. माझं अंथरूण दारासमोरच होतं. मला दूध उतरलंच नव्हतं. मी मुलीला चमच्याने पावडरचं दूध पाजायचे, कोरडी करायचे, पुन्हा कापसात ठेवायचे. हात आपलं काम करत. तोंडाकडे बघायचं मात्र टाळायचे. एकदा बघितलं की माया लागते, आणि माया लागली की पुढचं सगळं आलं. मीटरच्या चकतीवर एक लाल खूण होती. ती एका बाजूने यायची, दुसऱ्या बाजूला जायची, दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा यायची. पंखा बंद, रेडिओ बंद, नुसता एक बल्ब, त्यामुळे ती अगदी रमतगमत फिरायची. तिच्याकडे बघताना काही वाटायचं नाही, आणि मला तेच हवं होतं. तरी आकडे डोक्यात जातच राहिले. अहोरात्र जळणारा बल्ब गुपचूप किती खातो ते मला कळायला लागलं. या आठवड्यात खडूचा आकडा गाठला जाणार, हे दिसत होतं. मी नवऱ्याला तसं सांगितलं.

तो त्याच दिवशी पैसे घेऊन शेजारी गेला आणि तसाच परत आला. नोट त्याच्या मुठीत चुरगळली होती. म्हातारीने दार अर्धंच उघडलं होतं. सोयर असा, म्हणाली. दहा दिवस सरांदेत, मगे बघूया, तवसर मी काय घेवचंय नाय. उंबऱ्यावर ठेवू का विचारलं, तर तिथेही नको म्हणाली.

घरात मूल जन्मलं की दहा दिवस विटाळ धरायचा, त्याला सोयर म्हणतात. खरं तर तो घरच्यांनी धरायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचं काही नसतं. पण म्हातारीचं देवाचं फार कडक. ती सोयराच्या घरातली काडीसुद्धा घेत नसे. आणि आम्ही तर धर्म बदलला तेव्हाच सोयर-सुतक सोडून दिलेलं. जे आम्ही पाळतच नाही ते आम्हाला चिकटवून ती दार अर्धं लावून उभी होती.

सोयरबियर काही नाही, नवरा म्हणाला. तिला निमित्त मिळालं. इतके दिवस उंबऱ्यावरचे तरी चालत होते, आता तेवढेही चालेनासे झाले. मी म्हणाले, असेल. मला खरंच दोन्ही सारखंच वाटत होतं. पैसे घेतले काय, नाही घेतले काय.

गंमत म्हणजे वीज जाण्याची भीतीच नव्हती. सोयर असेपर्यंत म्हातारी आमच्या घरात पाऊल टाकणार नव्हती, म्हणजे मीटर वाचणार नव्हती. आकडा खडूच्या पुढे गेला तरी तिला कळलं नसतं, आणि दहा दिवसांनंतर तिने जे काय झालं असेल ते घेतलं असतं. कदाचित तिच्याही मनात तसंच असेल. मी हे नवऱ्याला बोलून दाखवलं, तर त्याला ते आणखीनच झोंबलं. उद्या ही बाई बिल्डिंगभर सांगत फिरेल की यांनी माझी वीज चोरली, म्हणाला. तिचा एक युनिट नको आपल्याला.

मी वाद घातला नाही. वाद घालायचा तर काही तरी हवं असावं लागतं.

त्याने त्यावर आपल्या परीने तोड काढली. भंगारवाल्याकडून काचेच्या दोन बाटल्या आणल्या. त्यात गरम पाणी भरायचं, फडक्यात गुंडाळायच्या आणि मुलीच्या दोन्ही अंगांना ठेवायच्या. गावाकडे असंच करायचे, त्याची आई सांगायची. त्याने बल्ब थोडा वेळ बंद करून मला दाखवलंही. ऊब खरंच आली. स्टोव्ह होता, रॉकेल होतं, पाणी होतं. म्हातारीवाचून आपलं काही अडत नाही, या समाधानात तो त्या दिवशी पोटभर जेवला.

आकडा ज्या सकाळी खडूला टेकला, त्या सकाळी तो डबा घेऊन निघायच्या तयारीत होता. मीटरखाली उभा राहिला, आकडा वाचला, पुन्हा वाचला. मग बाहेर पॅसेजमध्ये जाऊन त्याने आमचा फ्यूज स्वतःच ओढून काढला. खोक्यावरचा बल्ब गेला. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. त्याने तो फ्यूज म्हातारीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला, जिथे नोट ठेवायचो अगदी तिथेच, आणि नोट ठेवून सरायचा तसा मागे सरला. तुमचा आकडा आला, तुमची वस्तू तुमच्याकडे ठेवा, असं बंद दाराला सांगून तो परत आला. बाटल्या भरल्या, हात लावून पाहिल्या, गार झाल्या की बदल म्हणून बजावलं, संध्याकाळी लवकर येतो म्हणाला आणि गेला. तो निर्दय नव्हता. पण अपमान झालेल्या माणसाला समोरची एकच गोष्ट दिसते, आणि त्याला ती जन्मापासून दिसत होती.

मी बाटल्या बदलत राहिले. जानेवारी होता. मुंबईला थंडी नसते असं म्हणणाऱ्यांनी तळमजल्यावर ओल धरलेल्या भिंतींच्या खोलीत राहून बघावं. इकडे स्टोव्हवर पाणी तापेपर्यंत तिकडे बाटल्या गार व्हायच्या. दुपार होता होता गार बाटलीत उकळतं पाणी ओतलं आणि ती माझ्या हातातच तडकली. राहिली एक. दूध पाजायला गेले तर मुलगी तोंड उघडेना. चमचा लावला तसे थेंब गालावरून ओघळून गेले. पाय चाचपले, ते गार होते. आणि ती रडत नव्हती. निपचित पडली होती.

भीती वाटली असं मला म्हणता येणार नाही. मी फक्त उठले. तिला गोधडीत गुंडाळलं आणि दाराबाहेर आले.

म्हातारीचं दार सताड उघडं होतं. ती आत पाटावर बसली होती, आणि समोर उंबऱ्यावर तो फ्यूज होता, नवऱ्याने ठेवला तसाच. उचलावा तर सोयराच्या घरातला, आणि ओलांडून तरी जायचं कसं. सकाळपासून बाई त्याच्याकडे बघत बसली असणार. त्या वेळी हसू यायला हवं होतं, पण मला हसूही येत नव्हतं.

"आजी, पोर गार पडली," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं आणि उठून दोन्ही हात उंबऱ्याबाहेर केले. "हकडे दी."

मी दिली. तिने गोधडी उघडली, मुलीच्या तळपायांना हात लावला, मग मुलीला चोळीच्या आत, कातडीला कातडी लावून छातीशी धरलं आणि वरून लुगड्याचा पदर घट्ट ओढून घेतला. हे सगळं इतक्या भरभर झालं की मी हात पुढे करून तशीच उभी होते.

"बगत काय रवलंस?" ती म्हणाली. "फ्यूज लाव जा आधी."

मी वाकून फ्यूज उचलला. बोर्डाला मी कधी हात लावलेला नव्हता, पण काढताना-घालताना पाहिलं होतं. खाचेत दाबून बसवला. आमच्या उघड्या दारातून खोक्यावरचा उजेड दिसला. परत आले आणि सवयीने उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हातारी पदराआडून मुलीची पाठ चोळत होती, तोंडाने काही तरी पुटपुटत होती, देवाचं असेल नाही तर त्या पोरीलाच काही सांगत असेल. बराच वेळ गेला. मग पदरातून एक बारीक आवाज आला, आणि थोड्या वेळाने त्याचं रडणं झालं. चांगलं चिडून रडणं. म्हातारीने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

तेव्हाच मी तिला विचारलं. तीच वेळ का सापडली, सांगता येत नाही. आता पैसे घेतले नाहीत ते सोयर म्हणून, हे समजलं, मी म्हणाले. मग आधी हातात का घेत नव्हतात?

तिने नजर चुकवली नाही. पाठ चोळणारा हातही थांबला नाही. "ता वेगळा," ती म्हणाली. "ता तुमच्या जातीसाठी. आमच्यात पयल्यापासना तसाच असा."

हे तिने वाईट वाटून सांगितलं नाही आणि मिरवूनही नाही. मरोळहून अंधेरीला कुठली बस जाते, हे सांगावं तसं सांगितलं. माझी मुलगी तेव्हा तिच्या छातीला चिकटून रडत होती. नवऱ्याचं खरं होतं आणि सोयराचंही खरं होतं. तिने एकही गोष्ट लपवली नव्हती, आम्हीच विचारलं नव्हतं.

मग तिने मुलगी परत दिली. दिव्याखाली ठेव, म्हणाली, आणि फ्यूज आता काढू नका, आकडो खंय पळान जाणा नाय.

मी मुलीला खोक्यात ठेवलं, कापूस सारखा केला. तेवढ्यात भिंतीपलीकडून पाणी ओतल्याचा आवाज आला. म्हातारीची अंघोळ रोज पहाटे, पूजेआधी व्हायची. ही दुसरी होती, आणि डोक्यावरून होती. तांब्यामागून तांब्या पडत होता आणि मध्येच ती थंडीने हुहू करत होती. पाणी तापवायलाही ती थांबली नव्हती. तिने माझी मुलगी जगवली होती आणि आता तिचा स्पर्श धुऊन काढत होती. सोयराचा की जातीचा, हे त्या पाण्यालाच ठाऊक.

मला राग आला. कानशिलं तापली. वर्षभरात मला पहिल्यांदाच काही तरी होत होतं. माझ्या पोरीत एवढं धुऊन काढण्यासारखं काय होतं? आणि काय होतं ते बघायला म्हणून मी खोक्यात वाकले आणि तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. हनुवटी माझी होती. भुवया अजून उमटायच्या होत्या. कपाळाला एक आठी घालून ती बल्बकडे बघत होती, कुणी हा इतका वेळ बंद ठेवला असं विचारत असल्यासारखी. ती फार सुंदर होती. हे मला इतक्या दिवसांत कुणी सांगितलं कसं नाही, याचाही मला राग आला.

संध्याकाळी नवरा आला तो बल्ब बघून दारातच थबकला. मी त्याला सगळं सांगितलं, काही न गाळता. म्हातारीने मुलीला कसं घेतलं ते, ती जातीचं काय म्हणाली ते, आणि नंतरची अंघोळसुद्धा. त्याने डबा खाली ठेवला.

"मी काय सांगत होतो?" तो म्हणाला.

"तुम्ही सांगत होता ते खरं निघालं," मी म्हणाले. "तिने विटाळ मानला आणि तरी पोरीला छातीशी धरलं. तुम्हाला अपमान लागला आणि तुम्ही पोरीचीच वीज तोडलीत. आता तुमचं दोघांचं काय ते तुम्ही बघा. माझी मुलगी या दिव्याखालून हलायची नाही."

माझा आवाज चढला होता. भिंतीपलीकडे गेला असणार, आणि जावा असंच मला वाटत होतं. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. वर्षभर त्याच्या घरात जी बाई मुकाट भाकऱ्या थापत होती ती आज भांडत होती. मग तो खोक्यापाशी बसला, मुलीचे पाय मुठीत धरून चाचपले, आणि त्याला हुंदका फुटला. मी त्याला थोडा वेळ रडू दिलं आणि मग बाजूला सरकायला सांगितलं. मुलगी भुकेने रडायला लागली होती, आणि मला पान्हा फुटला होता.